चेतकसाठी सोडलेलं रान

बेटवाडी, ता. शिरोळ
१९ ऑगस्ट १९८४

"कृष्णाकाठच्या गावकऱ्यांनो, दर पावसाळ्यात ज्यांच्या उंबऱ्याला नदी लागते आणि ज्यांच्या डोक्यावर हेलिकॉप्टर नुसतं घिरट्या घालून निघून जातं, त्या तुम्हा सर्वांसाठी मी हे लिहितो आहे. आपण पाण्यात उभं राहून वर बघतो. वरचे काचेतून खाली बघतात. हे बघणं आता पुरे झालं."

चि. श्यामला हिस अनेक आशीर्वाद.

वर लिहिली आहे ती माझ्या नव्या पत्रकाची सुरुवात. दसऱ्याच्या सुमारास कोल्हापुरात बिंदू चौकात सभा आहे, तिथे ते वाटायचं आहे. तू बंगळूरला हेलिकॉप्टरच्या कारखान्यात इंजिनिअर आहेस. यंत्राबद्दल माझ्या लिहिण्यात एकही चूक राहू नये म्हणून तुला आधी पाठवतो. माझं मत बदलावं म्हणून नाही.

काय घडलं ते ऐक. पुराने गावाला वेढा दिला होता. शिरोळचा रस्ता पाण्याखाली. अशात लालासाब शिंप्याच्या लालबीला गोठ्यात साप चावला. हो, तीच लालबी, जिने शिवलेल्या परकर-पोलक्यांत तू लहानाची मोठी झालीस. चावडीतल्या पोलिसांच्या वायरलेसवरून निरोप गेला आणि उत्तर आलं, की पुण्याहून चेतक हेलिकॉप्टर येतं आहे, बाईला थेट मिरजेला नेईल. गावात कोरडी मोकळी जागा म्हणजे शाळेचं पटांगण. यंत्र आलं. इतकं खाली आलं की वैमानिकाच्या मिशा मला दिसल्या. आणि मग ते वर उचललं गेलं, उसावरून दोन फेऱ्या मारल्या आणि आल्या वाटेने गेलं.

मग आपल्या पोरांनी गुऱ्हाळाची काहील पाण्यात सोडली, तिच्यात लालबीला निजवली आणि पोहत ढकलत शिरोळला नेली. बाई वाचली. पायाचं एक बोट गेलं. गूळ करायच्या कढईने जे केलं ते तुमच्या विमानविद्येला जमलं नाही. राणा प्रतापांचा चेतक जखमी पायाने धन्याला घेऊन ओढा ओलांडून गेला होता. तुमचा चेतक आमचा ओढा बघून माघारी फिरला. हे वाक्य पत्रकात आहेच.

एवढंच कळव, की त्या माणसाला भित्रा म्हणू की आळशी?

तुझा
तात्या

---

बंगळूर
१ सप्टेंबर १९८४

तीर्थस्वरूप तात्यांस श्यामलाचा साष्टांग नमस्कार.

लालबी मावशी वाचली हे वाचून जीव भांड्यात पडला. काहील ढकलणाऱ्या पोरांना माझ्याकडून काकूने लाडू द्यावेत.

आता यंत्राचं. चेतक मूळचं फ्रान्सचं. आपण ते वीसेक वर्षं इथे बांधतो आहोत, नावही आपण दिलं. इंजिन एकच. वैमानिकासह सातजण बसतात, मागची आसनं काढली की दोन स्ट्रेचर आडवे राहतात. लष्कराकडे असलं तरी त्याचं बरंचसं आयुष्य हमालीत जातं. पहाडातल्या चौक्यांवर औषध पोचव, टपाल टाक, आजारी शिपाई खाली आण. हिमालयात आपल्या घरच्या सोप्याएवढ्या सपाटीवर हे लोक उतरतात. तसा माणूस बेटवाडीच्या शाळेवरून उगाच परतणार नाही.

म्हणून आधी मला सांगा, त्या दिवशी पटांगणात काय काय होतं? भाषण नको, तात्या. डोळ्यांनी दिसलं ते ओळीने लिहा.

तुमची
श्यामला

---

बेटवाडी
१० सप्टेंबर १९८४

चि. श्यामला हिस आशीर्वाद.

तीस वर्षं मास्तरकी केली, आता पुतणी माझी तोंडी परीक्षा घेते. बरं. काय होतं म्हणून विचारतेस, काय नव्हतं ते विचार.

निरोप आला तेव्हा हाताशी थोडाच वेळ होता. पण पावणं दारात येणार आणि गाव हात हलवत उभं राहणार, हे बेटवाडीत कधी झालेलं नाही. सरपंच गणपतराव म्हणाले, "मास्तर, एवढं मोठं यंत्र म्हटल्यावर आत कोणतरी मोठा माणूस असणारच की." मलाही ते पटलं. आजवर या तालुक्यात हेलिकॉप्टरमधून मोठा माणूस सोडून दुसरं काही उतरलेलं कुणी पाहिलेलं नाही. शाळेत पंधरा ऑगस्टच्या पताका तयार होत्या. त्या पटांगणावर या टोकापासून त्या टोकापर्यंत बांधल्या. बांबूची कमान उभी केली. पावसाची भुरभुर होती म्हणून मधोमध कनातीचा मांडव टाकला, खाली जमखाना अंथरला, लालबीची बाज मांडवात ठेवली. वाजवायला हलगी-कैताळ होतं. गुलालाचं ताट होतं. माझ्या हातात फेटा होता, वैमानिकाला बांधायला. सारं गाव भोवती कडं करून उभं होतं, पोरंबाळं पुढे.

इतका मान कुणी कुणाला दिला असता? आणि त्याने काय केलं? त्याच्या वाऱ्याने मांडवाचं कापड फुगून उपटलं, पताका तुटल्या, गुलाल साऱ्यांच्या डोळ्यांत गेला आणि माझ्या हातातला फेटा सुटून आभाळाकडे गेला. ही आमची दशा वरून बघून तरी त्याने खाली यायला नको होतं का?

मला वाटतं, आता तू माझ्या बाजूची झाली असशील.

तात्या

---

बंगळूर
१८ सप्टेंबर १९८४

ती. तात्यांस सा. न.

तुमचं पत्र वाचून आधी मी इतकी हसले की शेजारच्या टेबलावरचे बघायला लागले. फेट्यापाशी आले आणि हसू गेलं.

आमच्याकडे विंग कमांडर मुथण्णा म्हणून एक वैमानिक आहेत. त्यांना तुमचं पत्र हिंदीत वाचून दाखवलं. ते म्हणाले, "तुमच्या काकांना सांगा, पहाडात आम्हाला वाऱ्याची भीती वाटते, सपाटीवर सत्काराची." मग त्यांनी नीट समजावलं, ते तुम्हाला लिहिते.

हेलिकॉप्टर उतरताना खाली वारा ढकलतं. तो वारा जमिनीवर आपटून बाजूने वर येतो आणि सैल असेल ते घेऊन परत पंख्यात जातो. कापड, पताकेची दोरी, कनात. एक लांब फेटा पंख्याच्या बुडाशी किंवा शेपटाकडच्या छोट्या पंख्यात गुंडाळला गेला असता, तर ते यंत्र कलंडून पडलं असतं. कुठे? तुम्ही कडं करून उभे होता तिथे. पोरंबाळं पुढे होती, असं तुम्हीच लिहिलंय.

त्या माणसाने तेवढ्यात हे सगळं पाहिलं आणि वर उचललं. मग तो पळाला नाही. उसावरून दोन फेऱ्या मारल्या, असंही तुम्हीच लिहिलंय. तो दुसरी जागा शोधत होता. आपल्याकडे गावठाण सोडलं तर नजर जाईल तिथे ऊस. उतरणार कुठे?

आणि मांडव नसता तरी पटांगण पुरलं नसतं. माझ्या आठवणीत त्याच्या एका बाजूला शाळा, दुसऱ्या बाजूला विजेच्या तारा, तिसरीकडे चिंच. माणसांनी भरलेलं यंत्र विहिरीतल्या बादलीसारखं सरळ वर ओढता येत नाही. त्याला पुढे तिरपं निघायला मोकळी बाजू लागते. चौथी बाजू तेवढी राहते, आणि तिथे आपलाच ऊस आहे.

पत्रक छापू नका, तात्या. वैमानिक भित्राही नव्हता आणि आळशीही.

श्यामला

---

बेटवाडी
४ डिसेंबर १९८४

चि. श्यामलाला सरोजिनी काकूचा आशीर्वाद.

कार्ड लिहितेय कारण तुझे काका लिहीत नाहीत. तुझं पत्र आलं त्या दिवसापासून घर शांत झालंय. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा मला दुपारची झोप मिळाली, त्याबद्दल तुझे उपकार. पत्रक छापलं नाही. बिंदू चौकात साक्षरतेवर बोलून आले. हल्ली दर शनिवारी एस.टी.ने कोल्हापूरला वाचनालयात जातात आणि हेलिकॉप्टरची पुस्तकं वाचतात. संध्याकाळी मला ऐकवतात. एका इटालियन चित्रकाराने पाचशे वर्षांपूर्वी उडायचा स्क्रू काढला होता म्हणे. मी म्हटलं, आपल्या पंपाचा स्क्रू तेवढा बसवा.

दुसरी गोष्ट अशी, की लालबीच्या लेकीला, सलमाला दिवस राहिलेत. पहिलंच. श्रावणात मोकळी होईल. लालबी म्हणते माहेरीच आणायची. लालासाब म्हणतो, श्रावणात नदी अंगणात असते, पोरगी हातकणंगल्याला सासरीच राहू दे. दोघांचं बोलणं बंद आहे. तो मशीनवर शिवतो आणि ती भाकरी थापते, मधे शब्द नाही. लालबी मला म्हणाली, "माझं बोट गेलं त्याचं काय न्हाय. पोरीला काहिलीत घालायची पाळी नगं."

तुला काही सुचतं का बघ. ह्यांना लिही.

सरोजिनी काकू

---

बेटवाडी
१६ जानेवारी १९८५

चि. श्यामला हिस आशीर्वाद.

बरेच दिवस लिहिलं नाही. वाचत होतो. चेतकबद्दल छापलेलं मिळालं ते सगळं वाचलं. एकाहत्तरच्या लढाईत त्याने काय केलं, समुद्रावरच्या जहाजावर ते कसं उतरतं, सारं. ज्या यंत्रावर मी तोंडसुख घेतलं त्याची मला काडीची माहिती नव्हती. आता आहे.

काल ग्रामसभा होती. मी उठून बोललो. म्हटलं, या गावाला देवळासाठी जागा मिळते, दर्ग्यासाठी मिळते, कुस्तीच्या फडासाठी मिळते. ज्या जागेवर आभाळातून मदत उतरेल ती जागा मात्र मिळत नाही. गावाच्या पोरीबाळींचा जीव मोठा की उसाची पेरं? आहे का कुणी छाती पुढे करणारा? श्यामला, भाषण चांगलं झालं. दोघीतिघींनी डोळ्यांना पदर लावला. आणि मागच्या रांगेतून लालासाब उठला. मापाची टेप गळ्यात तशीच. म्हणाला, "मास्तर, भाषण झ्याक झालं. पर शाळंला लागून उंच रान एकच हाय, आन् त्यात ऊस तुमचा हाय."

सभा हसली. टाळ्या वाजवून हसली. मी घरी आलो आणि तुझी काकू दारातच म्हणाली, कळलं मला.

ते रान माझ्या वडिलांनी दगड वेचून केलं. त्यात पुराचं पाणी चढत नाही म्हणून तर तिथला ऊस साऱ्या शिवारात उजवा असतो. तो मोडायचा म्हणजे काय, हे तुला सांगायला नको.

वर्तमानपत्रात वाचलं, की आता आपण स्वतःचं, आपल्याच देशासाठी आखलेलं नवं हेलिकॉप्टर करणार आहोत. ते तुमच्याच कारखान्यात. खरं सांग, त्याला तरी एवढी जागा लागणार नाही ना?

तात्या

---

बंगळूर
२ फेब्रुवारी १९८५

ती. तात्यांस सा. न.

लागेल, तात्या. त्यालाही जागा लागेल.

पेपरात आलंय तेवढंच मला लिहिता येतं. दोन इंजिनं असतील, म्हणजे एक दगा देईल तेव्हा दुसरं घरी आणेल. पहाडात, वाळवंटात, समुद्रावर, सगळीकडे चालेल असं एकच यंत्र करायचं आहे, म्हणून तर ते अवघड आहे. सैनिक नेणारं यंत्र उद्या जखमी नेणार, परवा धान्य नेणार. प्रत्येकाचं मागणं वेगळं आणि वजन सगळ्यांना कमी हवं. माझ्या टेबलावर दाराचं काम आहे. एक दार, आणि त्यावर किती भांडणं होतात ते तुम्ही ऐकलंत तर तुम्हाला आमचा कारखाना घरच्यासारखा वाटेल. मला मात्र मजा येते. सकाळी कधी जाते असं होतं.

पण ते उडेपर्यंत सलमाचं बाळ शाळेत जायला लागलं असेल. श्रावणात येईल ते चेतकच. यंत्रातून सोडलेल्या तारेने माणूस वर ओढता येतो, पण कळा देणाऱ्या बाईला कसं ओढायचं? तिला निजवूनच न्यावं लागणार, म्हणजे यंत्र जमिनीला टेकावंच लागणार. आम्ही इथे अर्धंच यंत्र बनवतो. उरलेलं अर्धं म्हणजे ती जमीन.

मला एक आठवतं. लेकीने इंजिनिअर व्हायला अप्पा नको म्हणत होते तेव्हा तुम्ही भाषण केलं नाहीत. माझी ट्रंक उचललीत, मला सांगलीला कॉलेजच्या वसतिगृहात घेऊन गेलात, आणि कॉट खिडकीशी लावून मगच निघालात. मला तो तात्या जास्त आवडतो.

एक काम आहे. आपल्याकडे आजारी माणूस बाजेवर नेतात, स्ट्रेचरवर नाही. घरातल्या बाजेची लांबी-रुंदी मोजून कळवा. मला दारावरच्या भांडणात बोलायचं आहे.

श्यामला

---

बेटवाडी
२० मार्च १९८५

चि. श्यामला हिस आशीर्वाद.

ऊस साखर कारखान्याला गेला. पुढच्या पिकासाठी खोडवा ठेवला नाही. खोडक्या उपटून रान सपाट केलं, रोलर फिरवला, हरळी लावली. पहिल्या दिवशी मी एकटाच कोयता घेऊन उभा राहिलो, कारण भाषण करायला तोंड उरलं नव्हतं. थोड्या वेळाने लालासाब आला. त्याला कोयता धरता येत नाही, सुईवाला माणूस. उसाचं वाळलेलं पाचट गोळा करत राहिला. दुपारपर्यंत निम्मं गाव रानात होतं.

मांडवात आणि पताकांत हयात गेलेल्या गावाला काहीही न करायला शिकवणं फार अवघड आहे. हलगीवाला बाळासो विचारतो, "लांब हुबं राहून वाजवलं तर?" म्हटलं, वारा उलटा आला तर हलगीसकट तू मिरजेला जाशील. आता त्याला ओलं गवत पेटवायचं काम दिलंय. धूर कुठे जातो त्यावरून वैमानिकाला वारा कळतो. तुझ्या मुथण्णा साहेबांनी सांगितलेलं तू लिहून पाठवलंस, तसंच सगळं.

बाज पावणेसहा फूट लांब, पावणेतीन रुंद. लांबी माणसाला पुरते का ते बघायला मला तिच्यावर झोपावं लागलं. तुझी काकू म्हणाली, आता हेलिकॉप्टर येईपर्यंत उठू नका.

सलमा माहेरी येणार. लालासाब त्या रानातून एकदा चालत गेला, परत आला आणि लालबीशी बोलला. काय बोलला ते दोघांनाच ठाऊक, पण संध्याकाळी त्यांच्या घरातून खिम्याचा वास येत होता.

तात्या

---

बेटवाडी
८ ऑगस्ट १९८५

चि. श्यामला हिस अनेक उत्तम आशीर्वाद.

तार मिळाली असेलच. आता सविस्तर.

यंदाही रस्ता पाण्याखाली गेला. सलमाला कळा लागल्या आणि तानाबाई सुईण बाहेर येऊन म्हणाली, बाळ आडवं हाय, माझ्या हातचं न्हाय. चावडीतून वायरलेस गेला. लालासाबने बाज बाहेर काढली, तिच्यावर फक्त एक चादर, ती चारी बाजूंनी टाके घालून बाजेला शिवलेली. सैल काही नको, असं मी सांगितलं होतं ना. त्याने ते त्याच्या पद्धतीने केलं.

आम्ही रानात पांढरं वर्तुळ आधीच काढून ठेवलं होतं. पावसाने चुना वाहतो म्हणून शेजारच्या धोंडुबाईने सुचवलं, पांढऱ्या रंगाचे दगड पुरून ठेवा. तसेच पुरले. बाळासोने धूर केला. सारं गाव शाळेच्या भिंतीमागे जमिनीवर बसलं. टोप्या मांडीखाली, पदर खोचलेले. कुणी उठलं नाही, कुणी बोललं नाही.

चेतक आलं, धुराकडे तोंड करून तिरपं खाली आलं आणि दगडांच्या मधोमध टेकलं. माझ्या वडिलांच्या रानात. आतला एकजण वाकून धावत आला, आमच्या चार पोरांनी वाकूनच बाज नेली. मी पुढे होऊन दोन शब्द बोललो. कुणालाही ऐकू गेले नाहीत. आयुष्यात पहिल्यांदा माझं बोलणं वाऱ्यावर गेलं आणि काम झालं. सलमाला उचलून स्ट्रेचरवर घेतलं, बाज खालीच राहिली. लालासाब आणि लालबी तिच्याशेजारी चढले. पंखा थांबलाच नाही. ते मोकळ्या बाजूने, जिथे ऊस असायचा तिथून वर गेलं. पंख्याचा आवाज पार विरला, तेव्हा सरपंचांनी माझ्याकडे बघून विचारलं, "मास्तर, आता वरडू का?" मी हो म्हटलं. मग जे वरडले ते पलीकडच्या काठाला ऐकू गेलं.

मिरजेला मुलगी झाली. दोघी सुखरूप आहेत. लालासाब सांगतो, उतरल्यावर वैमानिकाने त्याला विचारलं, गाव आमच्यावर रागावलंय का, इतकं गप्प का होतं? लालासाब म्हणाला, "न्हाय सायब. मास्तरनं हालायचं न्हाय म्हणून शपथ घातलीया."

फेटा द्यायचा राहिला. तो या पार्सलात आहे. मुथण्णा साहेबांना तूच बांध, कारखान्याच्या आत, दारं लावून, पंख्याखाली मुळीच नको. आणि तुझ्या दारातून आमची बाज जाते का ते कळव.

त्या रानात आता म्हशी चरतात. संध्याकाळी मी तिथे जाऊन बसतो. वारा चांगला लागतो. ऊस असता तर बसता आलं नसतं, हे मला या वयात कळलं.

पत्रक पुन्हा लिहिलं. सुरुवात तीच आहे, फक्त पुढचं बदललं. छापायला टाकण्याआधी या वेळीही तूच वाच:

"कृष्णाकाठच्या गावकऱ्यांनो, दर पावसाळ्यात ज्यांच्या उंबऱ्याला नदी लागते आणि ज्यांच्या डोक्यावर हेलिकॉप्टर नुसतं घिरट्या घालून निघून जातं, त्या तुम्हा सर्वांसाठी मी हे लिहितो आहे. ते का निघून जातं, हे आम्ही त्याच्या वैमानिकाला विचारलं नव्हतं. आम्ही त्याला शिव्या दिल्या होत्या, आणि त्याआधी त्याच्या वाटेत कमान उभी केली होती. तो आपल्या नवसाचा देव नाही आणि निवडणुकीचा पाहुणाही नाही. तो रोगी न्यायला आलेला गाडीवान आहे. गाडीवानाला हार लागत नाही, रस्ता लागतो. आपण बांधापासून बांधापर्यंत ऊस लावला आणि आभाळातला रस्ता बुजवला. पूर सरकारने थांबवावा, पूल सरकारने बांधावा, हे मी मागत राहणार, मरेपर्यंत मागत राहणार. पण पावसाळा माझ्या मागण्यांसाठी थांबत नाही, आणि बाळंतीण तर त्याहून नाही.

म्हणून एवढंच करा. दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी सकाळी बेटवाडीला या. शाळेमागचं रान पायाखाली घालून बघा. मग घरी जा आणि आपल्या गावाचं सर्वांत उंच रान दिवाळीच्या आत मोकळं करा. येताना सरपंचाला घेऊन या. हार आणू नका."

तुझा
तात्या